टेम्पो यायच्या आत

मंगळवार आणि शुक्रवार. नौपाड्यातल्या माझ्या रद्दीवाल्याकडे गोदामाचा टेम्पो याच दोन दिवशी येतो, दुपारी दोनच्या सुमारास. तुम्ही आधी पोचलात तर पुस्तक, नंतर पोचलात तर लगदा. जुनी पुस्तकं आणि मासिकं जमवायची कशी, असं कोणी विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगते: आपल्या रद्दीवाल्याचा टेम्पो कधी येतो ते काढून घ्या.

मी सत्तावीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासली. राहायचो नौपाड्यात, दोन खोल्यांत. इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा तात्पुरतं म्हणून ऐरोलीला आलो आणि इथलेच झालो. नाद लागला तो नौपाडा सोडतानाच. तीस बिऱ्हाडांचे पोटमाळे एका आठवड्यात खाली होत होते. पितळ मोडीत, लाकूड सुताराकडे, पुस्तकं काट्यावर. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या घरून सुतळीने बांधलेला गठ्ठा उतरला आणि त्यातून दीनानाथ दलालांनी रंगवलेली एक बाई माझ्याकडे बघत होती. 'दीपावली'चे पन्नासच्या दशकातले सात अंक. बाकीच्या मासिकांसकट साडेसहा किलो भरले. बावन्न रुपये. नवरा म्हणाला, आपण घर खाली करतोय की भरतोय?

ठाण्यात हा प्रकार अजून चालूच आहे. चरई, खारकर आळी, पाचपाखाडी, नौपाडा, कुठेही चार मजली जुनी इमारत पत्र्यांनी वेढलेली दिसली की समजा, तुम्हाला उशीर झाला. माळे पत्रे लागायच्या कितीतरी आधी रिकामे होतात. सोसायटीच्या फळ्यावर खोल्या सोडायची तारीख लागते, ती खरी वेळ. तेव्हा वॉचमनशी बोलावं, जिन्यात भेटणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी बोलावं, आणि मुख्य म्हणजे पुस्तकं मागू नयेत, बघू का असं विचारावं. मागितलं की लोकांना वाटतं आपल्याकडे काहीतरी मौल्यवान आहे. मग ते कोणालाच देत नाहीत आणि शेवटच्या दिवशी वैतागून रद्दीत घालतात. हे मी तीनदा पाहिलंय.

नवी मुंबईचं गणित वेगळं. इथे पोटमाळे नाहीत आणि वाडेही नाहीत. पण वाशी-नेरुळच्या सिडकोच्या घरांत ऐंशीच्या दशकात दादर-गिरगावातून आलेली वाचणारी माणसं राहिली. आता ती एकेक करून जाताहेत, मुलं बाहेर आहेत, फ्लॅट विकायचा असतो. अशा घरातून एकदम चारशे पुस्तकं निघतात आणि सगळी दोन दिवसांत हलवायची असतात. एजंटशी ओळख असेल तर फोन येतो.

रद्दीवाल्याशी वागायचे माझे काही नियम आहेत. त्याने बाजूला काढून ठेवलेलं सगळं उचलायचं, दहातलं एक निवडून नऊ त्याच्या गळ्यात मारायची नाहीत. भाव नेहमी काट्याच्या दुप्पट, न विचारता. आणि एक गोष्ट त्याला पहिल्याच दिवशी सांगायची: पुठ्ठा फाडू नको. पुठ्ठ्याचा दर वेगळा असल्यामुळे बांधणीच्या पुस्तकाचं आवरण सर्रकन ओरबाडून वेगळ्या पोत्यात टाकायची त्यांना सवय असते. माझा रद्दीवाला आता जुन्या कागदाला 'पिवळं' म्हणतो. "काकू, पिवळं आलंय," एवढाच त्याचा फोन असतो आणि मी ऐरोलीहून ठाणे लोकल पकडते.

रद्दीच्या पलीकडे म्हणजे मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर आणि चोरबाजारात. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरचे बहुतेक विक्रेते २००५ मध्ये हटवले गेले, तरी थोडे आहेत. पण तिथला माणूस तुमच्यापेक्षा हुशार असतो. शिकायला जा, लॉटरी लागेल म्हणून जाऊ नका.

काय जमवायचं ते आधी ठरवा, आणि अरुंद ठरवा. 'जुनं सगळं' जमवणाऱ्याच्या घरी दोन वर्षांत दुसरं रद्दीचं दुकान होतं. माझ्या दोनच वाटा आहेत. एक, १९७० पर्यंतचे दिवाळी अंक. दोन, ठाण्यात छापलेलं काहीही. दुसरी वाट ऐकून लोक हसतात, पण ठाण्यातून 'अरुणोदय' हे वृत्तपत्र १८६६ मध्ये निघालं, आणि विनायक लक्ष्मण भावे यांनी पुढाकार घेतलेलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये उभं राहिलं. ज्या गावात एवढी शाई होती, तिथे पत्रकं, कीर्तनाच्या पुस्तिका, गणपतीच्या पदांचे चोपडे छापलेच गेले असणार. त्यांना कोणी किंमत देत नाही, म्हणून ते मला परवडतात. मुखपृष्ठावर 'ठाणें' असं अनुस्वारासकट दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो.

दिवाळी अंकांत सगळ्यांना 'मनोरंजन'चा १९०९ चा अंक हवा असतो, कारण काशिनाथ रघुनाथ मित्रांनी काढलेला तो पहिला. माझ्याकडे नाही, आणि तुम्हीही त्याच्यामागे धावू नका. सुरुवात साठ-सत्तरच्या दशकांपासून करा. 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' हे बऱ्यापैकी मिळतात. 'हंस', 'मोहिनी' मिळतात. लहान मुलांच्यात 'चांदोबा' आणि वेताळाचे इंद्रजाल कॉमिक्स. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत. धड, न फाटलेला अंक कसा असतो हे कळायला ते आधी बघून घ्यावेत.

साल कसं ओळखायचं

इथे माझी प्रुफं कामाला येतात, म्हणून जरा लांबण लावते. जुन्या पुस्तकाचं पहिलं पान हमखास गेलेलं असतं. उरतं ते मधलं, आणि मधल्यातही साल लपलेलं असतं.

आधी किंमत बघा. 'किं. १॥ रु.' म्हणजे दीड रुपया, '१।' म्हणजे सव्वा, '१॥।' म्हणजे पावणेदोन. या उभ्या रेघा किंवा 'आठ आणे' दिसले तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' किंवा 'न. पै.' असेल तर १९५७ ते १९६४, कारण १९६४ च्या जूनपासून 'नये' गळालं. सात वर्षांची खिडकी. याच्याइतकी नेमकी खूण दुसरी क्वचितच मिळते.

मग पत्ता. 'मुंबई ४' असं नुसतं असेल तर पिनकोडच्या आधीचं. 'मुंबई ४०० ००४' असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. विक्रेता छातीठोकपणे "साठ सालचा अंक आहे, मॅडम" म्हणतो तेव्हा मी शांतपणे जाहिरातींची पानं उलटते. कुठल्या तरी साबणाच्या किंवा घड्याळाच्या जाहिरातीत सहा आकडी पिनकोड सापडतो आणि भाव निम्म्यावर येतो.

मग लेखन. 'नाहीं', 'केलें', 'पुस्तकें' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार पानभर असतील तर मजकूर बहुतेक १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचा. बहुतेक म्हणते, कारण काही हट्टी लेखक आणि छापखान्यात अक्षरं जुळवणारे त्यांचे हट्टी जुळारी नंतरही अनुस्वार सोडेनात. 'इ', 'उ'च्या जागी 'अि', 'अु' असं दिसलं तर गोंधळू नका, छापखान्याची चूक नाही. ती सावरकरांनी सुचवलेली अ ची बाराखडी, किर्लोस्करांच्या मासिकांत दिसते.

शके असेल तर ७८ मिळवा. शके १८२० म्हणजे १८९८. मात्र शके चैत्रात बदलतो, त्यामुळे माघ-फाल्गुनातल्या पुस्तकाला ७९ मिळवायचे. एका गृहस्थांशी मी या एका वर्षावरून पाऊण तास भांडले होते. बरोबर ते होते.

एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांवर '१८६७ चा आक्ट २५' अशा अर्थाची ओळ असते. छापखाने आणि पुस्तकं नोंदवण्याचा तो कायदा. ओळ असली तर पुस्तक १८६७ च्या पुढचं. याच कायद्यामुळे छापणाऱ्याचं नाव आणि गाव पुस्तकावर छापावं लागे, म्हणून पहिलं पान नसलं तरी हिरमुसू नका, शेवटचं बघा. छापखान्याची ओळ पुष्कळदा तिथे तळाशी असते.

एवढं करून जे हाताशी येतं ते शंकर गणेश दात्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'त ताडून पाहायचं. पहिला भाग १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. मोठ्या ग्रंथालयात बसून बघता येतो. त्यात नोंद नसलेलं पुस्तक हाती लागलं तर तो दिवस तुमचा. माझ्या वाट्याला आजवर असे दोन आले, दोन्ही ठाण्यात छापलेले, दोन्ही मिळून बत्तीस पानांचे.

बोटाने वाचा

आता माझी फजिती. एका विक्रेत्याने फोनवर फोटो पाठवले: शंभर वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकाची प्रथमावृत्ती, शीर्षकपान स्वच्छ, साल स्पष्ट. अडीच हजार रुपये पाठवले. पुस्तक आलं, मी पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं आणि तिथेच बसले. पान गुळगुळीत होतं.

खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवून छापलेल्या पानाला खिळा टोचलेला असतो. मागून बोट फिरवलं की बारीक खडबड लागते, तिरप्या उजेडात धरलं तर दिसतेसुद्धा. शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं, पुस्तक सपाट असतं, पण त्याची अक्षरं हातच्या वळणाची असतात, डोळ्याला लगेच कळतं. खिळ्याची अक्षरं आणि सपाट पान, असं एकत्र दिसलं की ती जुन्या पानांचा फोटो काढून ऑफसेटवर केलेली पुनर्मुद्रित प्रत. अक्षरांच्या कडा किंचित फुगलेल्या असतात, मूळ प्रतीवरचा डागसुद्धा काळा ठिपका होऊन छापला जातो. अशी प्रत वाचायला उत्तम. पण ती अडीचशेची, अडीच हजारांची नव्हे. तेव्हापासून फोनवर मी एकच फोटो आग्रहाने मागते: एका पानाची मागची बाजू, खिडकीजवळ तिरपी धरून. ज्याला द्यायचा नसतो तो आपणहून गप्प होतो.

पानं मोजायचीच. पुस्तक बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांनी बनतं आणि फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी त्याचा आकडा असतो. तेवढे आकडे ओळीने बघितले तरी मधला फर्मा गेलाय का ते दोन मिनिटांत कळतं. चित्रांची पानं मात्र वेगळी चिकटवलेली असतात, ती अनुक्रमणिकेवरून ताडायची.

दिवाळी अंकात आणखी भानगडी. 'आवाज'मध्ये खिडकीचित्रं असायची. पानाला कापलेली खिडकी, तिच्यातून दिसतं एक आणि पान उलटल्यावर निघतं भलतंच. ही पानं पोरांनी फाडलेली तरी असतात किंवा आजोबांनी लपवलेली. ती पहिल्यांदा मोजा. दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं चौकटीत लावायला फाडून विकली जातात, म्हणून अंक मिळतो तो बोडका. ग्रंथालयांनी वर्षाचे अंक एकत्र बांधताना पुष्कळदा मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकल्या. बांधीव खंड दिसायला भारदस्त, पण त्यात तेलाच्या आणि केसांच्या औषधांच्या त्या जाहिराती नाहीत, आणि खरं सांगायचं तर कथा मी एकदा वाचते, जाहिराती दहा वेळा.

ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि बाद केल्याची खूण नसेल तर थांबा. मी एकदा असं पुस्तक संबंधित ग्रंथालयात नेऊन दिलं. तिथल्या बाईंनी नोंदवही काढली, तर ते १९८३ पासून 'परत न आलेल्या'त होतं. चहा मिळाला. त्याच बाईंनी नंतर बाद पुस्तकांच्या विक्रीची तारीख मला आधी कळवली, हे वेगळं.

किमतीबद्दल फार सांगत नाही. बाजार लहान आहे, एखादा हट्टी माणूस मागे लागला की भाव तिप्पट होतो आणि तो थंडावला की उतरतो. दुर्मिळ आणि जुनं यांत गल्लत करू नका, एवढंच. दीडशे वर्षांची पोथी घरोघरी असू शकते, आणि १९६८ चा एखादा अनियतकालिकाचा अंक पाच माणसांकडेही नसेल.

खाडीकाठचं कपाट

घरी आणलेलं पुस्तक लगेच कपाटात ठेवायचं नाही. त्याच्याबरोबर कसर येते, झुरळांची अंडी येतात. मी नवीन आलेलं प्रत्येक बाड घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवते, उणे अठराला. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर पानांवर पाणी सुटतं. मटारच्या शेजारी १९४८ चा 'हंस' बघून सुनेने पहिल्यांदा किंचाळी मारली होती. आता तीच विचारते, जागा करू का?

आमचं घर खाडीपासून लांब नाही. जुलैत घरातला आर्द्रतामापक पंच्याऐंशीच्या खाली येत नाही, आणि पुस्तकांना पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के हवे. तो आकडा गाठायचा नाद मी सोडला. वर-खाली होणं कमी करायचं, हे जमतं. कपाट लोखंडी, बाहेरच्या भिंतीला न टेकवता वीतभर पुढे, सर्वात खालचा कप्पा रिकामा. २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी ज्यांनी ठाण्यात काढली त्यांना खालच्या कप्प्याबद्दल सांगायला नको. पुस्तकं उभी आणि सैल. दिवाळी अंक आडवे, एकावर एक दहाच.

प्लॅस्टिकबद्दल माझी चूक ऐका. सुरुवातीला मी तीसेक अंक हौसेने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद केले, वर रबरबँड लावले आणि माळ्यावर टाकले. गणपतीत काढले तेव्हा आत बुरशी, आणि रबर वितळून मुळगावकरांच्या नायिकेच्या गळ्यात काळा हार. तेव्हापासून धुवून मऊ झालेलं सुती कापड, जुन्या धोतराचं सर्वात चांगलं, आणि बांधायला नाडी. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, दर पंधरा दिवसांनी बदलून. वेखंड मी ठेवते, पण तो सासूबाईंच्या आठवणीसाठी. डांबराच्या गोळ्या बंद केल्या, त्या वासाने पुस्तक उघडवेना.

बुरशी आलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, डाग आत जातो. आधी पंख्याखाली पुरतं वाळू द्यायचं, मग तोंडाला मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशने झटकायचं. उन्हात ठेवू नका, कागद पापडासारखा होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईतल्या कागदाला तर उलटतानाही तळहाताचा आधार द्यावा लागतो. गंमत अशी की १८६० चं शिळाछाप पुस्तक त्याच्यापेक्षा धट्टंकट्टं असतं, कारण तो कागद चिंध्यांचा.

सेलोटेप घरात ठेवूच नका. दहा वर्षांत टेप गळून पडते आणि तपकिरी पट्टा कायमचा राहतो. फाटलेल्या पानाला पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ. आमचा बाइंडर कसरीसाठी खळीत मोरचूद घालायचा. मी घालत नाही, विष आहे आणि घरात नात आहे. पाठ उसवली असेल तर स्वतः हात लावू नका. जाणत्या बाइंडरकडे द्या आणि कडा कापायच्या नाहीत हे त्याच्याकडून तीनदा वदवून घ्या. मशीनमध्ये घालून कडा सफाईदार करणं हे त्यांच्या हाताचं वळण असतं, आणि समासातली कोणाची तरी पेन्सिलची टीप त्यात जाते.

कायद्याचं थोडकं. पंचाहत्तर वर्षांपेक्षा जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित वा दस्तऐवज १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतो आणि आपल्याला तो परदेशी पाठवता येत नाही. न्यू जर्सीच्या भाच्याने आजोबांची मोडी बाडं मागितली तर फोटो काढून पाठवा.

दसऱ्याला पूजेसाठी पुस्तकं निघतातच, तोच माझा तपासणीचा दिवस. सगळं बाहेर काढायचं, वही उघडायची, एकेक ताडायचं. वही हवीच. तीत क्रमांक, कधी मिळालं, कुठून, किती वजनाला किंवा रुपयांना, काय फाटलंय, काय नाही. आणि आत काय सापडलं तेही. पुस्तकातून निघालेली चिठ्ठी, बसचं तिकीट, पिंपळाचं जाळीदार पान मी टाकत नाही. पाकिटात घालून त्याच क्रमांकाने ठेवते. पन्नासच्या दशकातल्या एका अंकात मला फराळाची यादी मिळाली, चकलीपुढे 'दोन पायली' आणि अनारशापुढे 'जमल्यास'. अंकापेक्षा ती यादी मला जास्त प्रिय आहे.

वहीच्या पहिल्या पानावर मी एका ग्रंथालयाचं नाव आणि पत्ता लिहून ठेवलाय. त्याखाली: 'किलोवर देऊ नये.' मुलाला ते मोठ्याने वाचायला लावलं आणि खाली त्याची सही घेतली, तारखेसकट.